वजाबाकीच्या ओळी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी पेणहून रोह्याला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत तीन वस्तू होत्या: ताईसाठी साडी, पोह्याच्या पापडांचा पुडा आणि सहामाहीच्या शेऱ्यांची कच्ची वही. साडी नि पापड हा भावाचा संसार. वही हा मास्तराचा. मास्तराला सुट्टी लागते ती अशीच, गाठोडे पाठीला बांधून. दिव्याहून येणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली, तर कासू आणि नागोठणे मागे पडेपर्यंत दोन वर्गांचे शेरे उरकून टाकावेत असा माझा बेत होता.

शेरे लिहिण्याची माझी पद्धत येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि खडू हातात घेतला. पुढचे शिक्षण राहून गेले ते गेलेच. रात्री कादंबऱ्या लिहितो, दिवसा पोरांच्या वह्या पाहतो. चित्रकलेचा तास साऱ्या इयत्तांना असल्यामुळे माझ्या वाट्याला मुले शेकड्यांनी येतात, आणि प्रत्येकाबद्दल वर्षातून दोनदा काही तरी लिहावे लागते. म्हणून मी काही अक्षरे ठरवून टाकली आहेत. ‘ह.चां.’ म्हणजे हात चांगला. ‘नी.ना.’ म्हणजे नीटनेटकेपणा नाही. ‘ल.ना.’ म्हणजे लक्ष नाही. कच्च्या वहीत नुसती अक्षरे टाकायची. प्रगतिपुस्तकात उतरवताना त्यांचे आपोआप वाक्य होते. ‘ल.ना.’चे ‘वर्गात लक्ष नसते, पालकांनी दखल घ्यावी’ असे लांबलचक वाक्य होते. वीस-पंचवीस वर्षे ही अक्षरे मला साथ देत आली आहेत.

ताईचे घर कुंडलिकेपासून फार लांब नाही. मी पोचलो तेव्हा भाचा ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. तो पुण्याला नोकरी करतो. काय करतो हे ताईला नीटसे सांगता येत नाही, शेजारणींनी विचारले की ती अभिमानाने सांगते, “कर्नलचं काम करतो.” त्यामुळे आळीतल्या निम्म्या बायकांची समजूत अशी आहे, की हा लष्करात कुणा बड्या साहेबाच्या हाताखाली आहे. भावोजींना तो तिथे नाही एवढे माहीत आहे. पण त्यापलीकडे त्यांची मजलही माझ्याएवढीच.

“सणासुदीलाही सोडत नाहीत याला,” भावोजी माझ्याकडे पाहून म्हणाले. “सकाळी साहेबाचा फोन होता. आणि साहेब म्हणतो ते हा ऐकत नाही.”

“काय म्हणतो साहेब?”

“म्हणे एका ओळीचं काम आहे, टाक करून. हा म्हणतो, मी त्रेचाळीस ठिकाणी करीन.”

मी भाच्याशेजारी बसलो. लहानपणी सहा वर्षे तो पेणला आमच्याकडे राहून माझ्याच शाळेत शिकला. शाळेत मला ‘सर, तुम्ही’ म्हणायचा आणि घराचा उंबरठा ओलांडला की ‘मामा, तू’. आता फक्त मामा उरला आहे. तरी काही समजावून सांगायचे असले की त्याच्या बोलण्यात माझाच तास घेण्याचा सूर येतो, आणि मला त्याची गंमत वाटते.

त्याने सांगितले ते मला समजले तसे मांडतो. संगणक असो, खिशातला फोन असो, त्यात सगळ्यांच्या तळाशी एक कारभारी असतो. यंत्राची स्मृती कुणाला किती द्यायची, कोणते काम आधी आणि कोणते मागून, हे तो ठरवतो. त्याला कर्नल म्हणायचे. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या मुलाने असा एक कर्नल लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला करून टाकला. त्याचे नाव लिनक्स. आज जगभरची माणसे त्यात भर घालतात आणि अँड्रॉइडचे सारे फोन त्याच्यावर चालतात.

हा कर्नल माणसाला वाचता येईल अशा सी नावाच्या भाषेत लिहिलेला असतो. यंत्राला ती भाषा कळत नाही. मध्ये भाषांतर करणारा एक लागतो, तो कंपायलर. लिनक्सचा जुना भाषांतरकार जीसीसी, १९८७ साली पहिल्यांदा बाहेर आलेला. पुढे क्लँग नावाचा दुसरा आला. इंटेल कंपनीचा तिसरा होता.

“भाषांतरकार म्हणजे परीक्षकच समज, मामा,” भाचा म्हणाला. “एकाला एक गोष्ट खटकते, दुसऱ्याला दुसरी. मग लिहिणाऱ्यांनी काय केलं, प्रत्येकाच्या मर्जीसाठी वेगवेगळे आखूड शब्द ठरवले. लिहायचा एकच शब्द. जीसीसी वाचायला बसला की त्याचं एक वाक्य व्हायचं, क्लँग बसला की दुसरं. अशा शब्दाला मॅक्रो म्हणतात.”

“म्हणजे माझं ‘ल.ना.’,” मी म्हणालो.

तो थोडासा हसला. काही बोलला नाही.

परीक्षकांच्या मर्जीसाठी ठरवलेल्या या शब्दांना प्रत्येकाची वेगळी फाईल होती. इंटेलच्या फाईलला तीन वर्षांत कुणी हात लावला नव्हता आणि त्या कंपायलरने कर्नल बांधणाराही कुणी दिसत नव्हता. तेव्हा २०२३ साली ती काढून टाकली. हे मला पटण्यासारखे होते. आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यांच्या माळ्यांवर असे कितीतरी जुने साचे पडलेले असतात. ज्या घडणीची मूर्ती आता कुणी मागत नाही, तिचे. ते झाडून काढणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही, पण जागा मोकळी होते.

पण भाच्याच्या साहेबाची तक्रार या साच्यांबद्दल नव्हती. ती एका निराळ्याच शब्दाबद्दल होती.

कंपायलर नुसते भाषांतर करीत नाही. तो इशारेही देतो. त्यातला एक नेहमीचा इशारा असा: ‘या खणातले तुम्ही वाचायला निघाला आहात, पण त्यात काही ठेवल्याचे मला दिसत नाही.’ संगणकाच्या स्मृतीतला खण कधी कोरा नसतो. आधीच्या कुणाचे काही तरी त्यात पडलेले असते. आपण काही ठेवले नाही आणि वाचले, तर ते पडलेले हाती येते आणि तेच खरे समजून पुढचे काम चालते. इशारा महत्त्वाचा. पण पुष्कळदा तो खोटा ठरतो. लिहिणाऱ्याने खण वेळेत भरलेला असतो, फक्त वाट वळणाची असल्यामुळे कंपायलरला ते दिसत नाही. असे खोटे इशारे ऐकून लोक कंटाळले. तेव्हा २००७ च्या सुमारास कर्नलमध्ये एक मॅक्रो आला: अनइनिशियलाइज्ड व्हार. खणाच्या नावाला तो शब्द जोडला की जीसीसी गप्प.

“कसा काय गप्प?” मी विचारले.

“त्या शब्दाचं वाक्य काय व्हायचं माहीत आहे? क्ष बरोबर क्ष. खणात त्याच खणातलं ठेव. म्हणजे काहीच ठेवलेलं नाही. पण ठेवल्यासारखं दिसतं. परीक्षक समाधानी.”

“आणि तुझा तो दुसरा? क्लँग?”

“तो एवढ्यानं फसत नव्हता. क्ष बरोबर क्ष यात काय अर्थ, असं म्हणायचा. म्हणून त्याच्यासाठी वेगळं वाक्य केलं: क्षचा पत्ता घे, त्या पत्त्यावर जा, तिथे जे सापडेल ते क्षला दे. फिरून तेच. फक्त वळसा घालून.”

मला हसू आले. हिंदुस्थानातल्या कुठल्याही कचेरीत शोभला असता असा हा व्यवहार.

पुढे १३ वर्षांनी, २०२० साली, केस कुक नावाच्या अभियंत्याने हा शब्द कर्नलमधून समूळ उपटला. त्याचे म्हणणे साधे होते: हा शब्द आजचा खोटा इशारा दाबतो तसा उद्याचा खरा इशाराही दाबतो. ज्या दिवशी तो लिहिला त्या दिवशी खण वेळेत भरत असेल. पण नंतर कुणी तरी मजकुरात फेरफार करतो, वाट बदलते, खण रिकामा राहतो, आणि ओरडणाऱ्याचे तोंड तर आपण आधीच बांधून ठेवलेले. लिनक्सच्या ५.९ या आवृत्तीपासून तो शब्द उरला नाही.

भाच्याची कंपनी दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी ठेवायचे एक यंत्र बनवते. त्या यंत्राचा आणि कर्नलचा संवाद घडवणारा मजकूर कंपनीने फार पूर्वी, जुन्या कर्नलच्या काळात लिहून घेतला होता. आता यंत्र नव्या कर्नलवर न्यायचे, तर भाषांतर पहिल्याच पायरीला अडले: हा शब्द कोण, आम्ही ओळखत नाही. साहेबाचा उपाय असा, की तो शब्द आपल्याच फाईलीत पुन्हा लिहून टाकावा. एक ओळ. दिवाळीआधी काम संपले असते. भाच्याने तो शब्द त्रेचाळीस जागी काढून टाकला होता, प्रत्येक जागी इशारा येतो का ते पाहिले होते, आणि आला तर वाट तपासत शेवटपर्यंत गेला होता.

“मग? किती निघाले खरे?”

“एक.”

“एका जागेसाठी त्रेचाळीस?”

“कुठली एक, ते आधी कळलं असतं तर एकच पाहिली असती, मामा.”

ती एक जागा त्याने मला दाखवली. रुग्णाच्या बोटाला लावलेल्या चिमट्याकडून उत्तर यायचे. पहिल्याच फेरीत ते आले नाही तर खण भरल्याशिवाय पुढे जाण्याची एक आडवाट मजकुरात राहून गेली होती. शंभरांतून नव्व्याण्णव वेळा चिमटा उत्तर देतोच. शंभराव्या वेळी पडद्यावर एक आकडा उमटला असता, दिसायला अगदी खराखुरा, आणि तो कुणाचाच नसता.

मी पडद्याकडे पाहू लागलो. केलेले बदल तिथे एकाखाली एक मांडलेले होते. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. इतके स्वच्छ की अडाण्यालाही कळावे. आणि तेव्हा मला दिसले की भाचा प्रत्येक ओळ वाचण्यापूर्वी तिच्या अगदी कडेला बोट नेतो आहे. तिथे एक बारीकसे चिन्ह असते. काढलेल्या ओळीला वजा, घातलेल्या ओळीला अधिक. तो ते चिन्ह पाहायचा आणि मग ओळ वाचायचा. वजा, वजा, अधिक. त्याला ते दोन रंग एकच दिसतात.

हे मला माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि त्या बोटाचे चालणे समोर पाहणे वेगळे.

भाचा पाचवीत आमच्याकडे आला तेव्हा त्याची पेन्सिल पाहून मी हरखून गेलो होतो. वस्तुचित्र असो, भूमिती असो, रेषा अशी की पुसायला जागा नाही. आमच्या घरात हे कौतुकाचे होते, कारण अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात पोराने उचलला असे सारे म्हणत. अण्णांनी जन्मभर गणपतीच्या कारखान्यात काम केले. शाडू मळावी, साच्यातून काढलेली मूर्ती सफाईने घासावी, सोंडेचा बाक हातानेच जुळवावा, ते अण्णांनीच. पण रंग द्यायची वेळ आली की ते पाट सरकवून दुसऱ्याला जागा देत. “रंग हा आपला प्रांत नव्हे,” एवढेच म्हणत. आम्हीही म्हणत आलो: अण्णांना रंगात रस नाही.

पोराचे मात्र रंगात काही धड नव्हते. कधी बिनचूक रंगवी, कधी असे काही करी की हसावे की रडावे. मी कारण शोधले नाही. कारण माझ्यापाशी तयार होते. ज्याचा हात इतका चांगला, त्याचे रंग चुकतात ते लक्ष नसल्यामुळे, दुसरे काय? पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक सहामाहीला आणि वार्षिकाला मी त्याच्या नावापुढे ‘ह.चां., ल.ना.’ लिहिले. भाचा म्हणून सूट दिली नाही याचा मला अभिमानही होता.

सहावीत त्याने वडाचे झाड काढले. पारंब्या अशा उतरवल्या होत्या की मी मोठ्या वर्गाला नेऊन दाखवाव्यात. आणि साऱ्या झाडाची पाने तपकिरी. मी त्याला चित्र हातात धरून वर्गापुढे उभे केले. “कुठल्या गावचा वड रे हा?” मी विचारले, आणि वर्ग खो खो हसला. “डोळे उघडे ठेवून रंगवत जा,” मी म्हणालो. संध्याकाळी घरी तो नेहमीसारखा जेवला आणि ‘मामा, तू’ म्हणून बोलला, म्हणून मला वाटले की ते शाळेत संपले.

बारावीनंतर त्याला बोटीवर जायचे होते. दोन वर्षे त्याने तीच तयारी केली होती, भावोजींनी पैसे बाजूला ठेवले होते. मुंबईला वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे एक पुस्तक उघडून धरले. पानावर रंगीत ठिपक्यांचे वर्तुळ आणि ठिपक्यांत दडलेला आकडा. जपानच्या इशिहारा नावाच्या डॉक्टरने १९१७ साली ही चाचणी काढली. साध्या डोळ्याला आकडा चटकन दिसतो. भाच्याला पानांमागून पाने नुसते ठिपके दिसले. बोटीवर रात्री लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला यावर समोरचे जहाज कोणत्या दिशेला चालले आहे हे कळते. ज्याला तो भेद दिसत नाही त्याला तिथे जागा नाही. पाच मिनिटांत दोन वर्षे संपली.

डॉक्टरांनी ताईला आणखी एक सांगितले. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला नसतो, ती तिच्या बापाकडून तो घेऊन आलेली असते. ताईने मला फोनवर हे सांगितले, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीच बोलले नाही. पाट सरकवून उठणारे अण्णा दोघांनाही एकदम दिसले असावेत. दोन पिढ्या एक इशारा आमच्या घरात वाजत होता. एकदा आम्ही त्याला ‘रस नाही’ म्हटले आणि एकदा ‘लक्ष नाही’. अण्णा तेव्हा हयात नव्हते; त्यांना काय दिसत होते हे आता कधी कळायचे नाही. मी कादंबरीकार, माणसांच्या मनात काय चालले आहे ते पानेच्या पाने लिहितो. समोर बसलेल्या दोघांच्या डोळ्यांत काय उमटते, ते मी एकदाही विचारले नव्हते.

भाऊबीज झाली. ताईने ओवाळले, जेवणे झाली, भावोजी आडवे झाले. ओटीवर पुन्हा आम्ही दोघेच होतो. इतकी वर्षे जे तोंडावर येऊन परत जात होते ते मी बोललो.

“वडाचं झाड आठवतं का रे तुला?”

“सहावीतलं? आठवतं की.”

“मी तुला वर्गापुढे उभं केलं होतं.”

“हो.” तो थोडा थांबला. “पण त्याआधी मी तुमच्या टेबलाशी आलो होतो. ते आठवतं का?”

मला आठवत नव्हते. ‘तुमच्या’ म्हणाला, ते मात्र कानाला लागले.

“रंगाच्या बाटलीवरचं लेबल निघालं होतं. मी लेबलं वाचून रंगवायचो ना. म्हणून विचारायला आलो: सर, या बाटलीवर नाव नाही. तुम्ही वही तपासत होता. वर न बघता म्हणालात, नाव कशाला पाहिजे, डोळे आहेत ना?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. काही दिवस बिनचूक आणि काही दिवस चूक, याचे कोडे मला त्या क्षणी उलगडले. लेबल असे तेव्हा माझा शिष्य हुशार असे. लेबल गळून पडे तेव्हा त्याचे लक्ष नसे. आणि त्याने मला सांगितले होते. इशारा टेबलापर्यंत चालत आला होता.

“तू तेव्हा घरी का नाही बोललास?”

“मला तरी कुठे ठाऊक होतं, मामा? मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं आणि सगळे लेबलच वाचतात. आणि तुम्ही लिहिलेलं खरंच असणार. मला वाटायचं, लक्षच नाही आपलं.”

मग तो पुन्हा लॅपटॉपकडे वळला. साहेबाला पाठवायचे पत्र लिहायचे होते: एक ओळ का घातली नाही, त्रेचाळीस का काढल्या. मसुदा त्याने मला वाचून दाखवला. त्यात साहेबाला दोष नव्हता, पूर्वी लिहिणाऱ्यालाही नव्हता. ज्याने तो शब्द पहिल्यांदा लिहिला त्याचे त्या दिवशी बरोबरच असेल, असेही त्यात होते. फक्त शेवटी एवढेच होते, की शब्द पुन्हा घालायचा असेल तर तो दुसऱ्या कुणाकडून घालून घ्यावा.

“नोकरीवर येईल रे,” मी म्हणालो.

“येईल कदाचित,” तो म्हणाला आणि पत्र पाठवून दिले.

संध्याकाळी तो मला स्टेशनवर सोडायला आला. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. फलाटाच्या टोकाशी सिग्नल होता. गाडी लागली होती, आम्ही दोघे उभे होतो. “वरचा लागला,” तो म्हणाला, “हिरवा. बस आता.” वरचा, म्हणून हिरवा. मी गाडीत बसलो.

त्या रात्री पेणला दिव्याखाली कच्ची वही उघडली. गाडीत जाताना दोन वर्ग उरकले होते. अकरा नावांपुढे ‘ल.ना.’ होते. मी ती अकरा अक्षरे एकेक करून खोडली आणि त्या मुलाचे मी खरोखर काय पाहिले आहे ते आठवू लागलो. एक मुलगा चित्र अर्धे सोडतो, कारण घंटेआधी दहा मिनिटे त्याला आपल्या धाकट्या बहिणीला आणायला जावे लागते. हे मला माहीत होते, तरी मी ‘ल.ना.’ लिहिले होते. एक मुलगी कागद डोळ्यांच्या फार जवळ धरते. एक जण, वर्गशिक्षक म्हणतात, सगळ्याच तासांना झोपतो. चौघांचे असे काही तरी लिहिता आले. उरलेल्या सातांचे मला काहीच आठवेना. वर्षाचे सहा महिने ती सात मुले माझ्यासमोर बसली होती, आणि त्यांच्या नावापुढे ठेवायला माझ्याजवळ त्या दोन अक्षरांखेरीज काही नव्हते.

ती सात जागा मी रिकाम्या ठेवल्या. सुट्टी संपल्यावर मुख्याध्यापकांनी प्रगतिपुस्तके पाहिली आणि मला बोलावून विचारले, “मास्तर, येथे शेरा राहून गेला आहे.”

“राहून गेला नाही,” मी म्हणालो. “अजून मिळालेला नाही.”

ते नाखूष झाले. रिकामी जागा डोळ्यांना खुपते हे खरेच आहे. मी म्हटले, खुपू द्या. आणि सातवी अ चा तास होता म्हणून रंगांचे खोके घेऊन निघालो. वर्गात शिरण्यापूर्वी जिन्यात थांबून मी सगळ्या बाटल्या फिरवून पाहिल्या. दोन बाटल्यांवरची नावे गळून पडली होती. मी खिशातून पेन काढले.